खून एकाने केला, मग बाकीच्यांना तेच कलम का? खुनाचा कट आणि साथीदारांची जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी वकिली करते. खुनाच्या खटल्यात आरोपी पाच-सहा असतात आणि वार करणारा बहुतेक वेळा एकच असतो. उरलेल्यांच्या घरचे रिमांडच्या दिवशी कोर्टाच्या आवारात भेटतात, तेव्हा एकच वाक्य ऐकू येतं, ‘आमचा नुसता सोबत होता हो.’ मयताच्या घरचेही येतात. त्यांची भीती उलटी असते, की एकाला शिक्षा होईल आणि बाकीचे सुटतील. दोघांच्या प्रश्नांची उत्तरं एकाच कायद्यात आहेत. ती इथे एकत्र लिहिली आहेत.

माझ्या पोराने फक्त गाडी चालवली. वार दुसऱ्याने केला. त्याला ‘तीनशे दोन’ कसं लागलं?

आधी कलमांचे आकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम आता १०३ आहे. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर मात्र जुनं भारतीय दंड विधान आणि ३०२ हेच लागू राहतं. लोकांच्या तोंडी अजून तीनशे दोनच आहे, त्यात काही बिघडत नाही.

आता मूळ प्रश्न. संहितेचं कलम ३(५), म्हणजे जुनं कलम ३४, सांगतं की अनेकांनी मिळून, सगळ्यांचा इरादा पुढे नेण्यासाठी एखादं गुन्हेगारी कृत्य केलं, तर ते कृत्य प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखं धरलं जातं. यालाच सामाईक इरादा म्हणतात. तो लावण्यासाठी सरकार पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : इरादा सामाईक होता आणि या माणसाचा कृत्यात काही ना काही सहभाग होता. सहभाग म्हणजे वारच असला पाहिजे असं नाही. गल्लीच्या तोंडाशी पहारा देणं, मयताला फोन करून खाली बोलावणं, गाडी चालू ठेवून थांबणं, हे सगळं सहभागात येतं.

पण ‘गाडी चालवली’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मावतात. समजा, सिडकोतून तीन पोरं पंचवटीकडे निघाली. पहिल्या प्रकारात चालवणाऱ्याला सांगितलं होतं, ‘भांडण मिटवायला जायचंय, सोड आम्हाला.’ त्याने सोडलं आणि तो चहाच्या टपरीवर थांबला. दुसऱ्या प्रकारात त्याच्या डोळ्यांदेखत गोणपाटात गुंडाळलेला कोयता सीटखाली ठेवला गेला, कोणासाठी तेही त्याला ठाऊक होतं आणि गाडी बंद न करता तो थांबून राहिला. तिसऱ्या प्रकारात रक्ताचे कपडे बघून त्याला सगळं कळलं, आणि तरी त्याने त्यांना घोटीपर्यंत नेऊन सोडलं. पहिला, इतकंच सिद्ध झालं तर, खुनाचा आरोपी ठरत नाही. दुसरा ठरू शकतो, त्याने मयताला बोटही लावलेलं नसताना. तिसऱ्यावर खुनाचं नाही, गुन्हेगाराला पळायला मदत केल्याचं कलम येतं. गाडी तीच, रस्ताही तोच असतो. फरक पडतो त्याला काय माहीत होतं आणि कधीपासून, यामुळे. म्हणून आईवडिलांना मी पहिल्या भेटीत ‘त्याने काय केलं’ याच्याइतकंच ‘त्याला काय सांगितलं होतं’ हे विचारते.

पण तो तर बाहेरच उभा होता!

१९२३ मध्ये कलकत्त्यातल्या एका टपाल कार्यालयात काही जण पैसे लुटायला शिरले आणि गोळीबारात पोस्टमास्तर मेला. बरेंद्र कुमार घोष या आरोपीचं म्हणणं असंच होतं, की मी अंगणात उभा होतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ते मानलं नाही. मिळून केलेल्या कामात बाहेर उभं राहणं हाही त्या कामाचाच भाग असतो, असा तो निकाल आहे. शंभर वर्षं झाली, आजही तो दाखवला जातो.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. १९४५ चा महबूब शाह खटला घ्या. सिंधू नदीकाठी बोरू तोडण्यावरून भांडण झालं आणि दोघांनी बंदुका झाडल्या. एकाच्या गोळीने माणूस मेला, दुसऱ्याच्या गोळीने वेगळाच माणूस जखमी झाला. त्या दुसऱ्याला प्रिव्ही कौन्सिलने खुनातून सोडलं. दोघांचा इरादा सारखा असणं वेगळं आणि तो दोघांनी मिळून धरलेला असणं वेगळं. आधी मनं जुळली होती याचा पुरावा लागतो. ही जुळणी जागच्या जागी, मिनिटाभरातही होऊ शकते, हे मात्र लक्षात ठेवा. आठवडाभर बैठका झाल्या पाहिजेत असं कायदा म्हणत नाही.

मग ‘कट’ आणि ‘सामाईक इरादा’ यात फरक काय? फिर्यादीत तर दोन्ही आहे.

सामाईक इरादा हा वेगळा गुन्हा नाही. झालेल्या गुन्ह्याची जबाबदारी कोणाकोणावर, हे ठरवायचा तो नियम आहे. कट हा स्वतःच गुन्हा आहे. संहितेचं कलम ६१ (जुनं १२०-अ आणि १२०-ब) पाहा. दोन किंवा जास्त माणसांनी गुन्हा करायचं आपसात ठरवलं की कट पूर्ण झाला. खुनासारख्या गुन्ह्याच्या कटात ठरवण्यापलीकडे एकही पाऊल टाकलेलं नसलं तरी चालतं. सामाईक इराद्यात माणसाचा कृत्यात सहभाग लागतो, कटात तो जागेवर असण्याचीही गरज नाही. खून द्वारका सर्कलला होतो आणि कटवाला दुबईत असतो, असं होऊ शकतं.

कटातल्या सगळ्यांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे असंही नाही. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने हत्यार आणलं, तिसऱ्याने मयताच्या जाण्यायेण्याच्या वेळा काढल्या. पहिल्या आणि तिसऱ्याची कधी गाठ पडली नाही, तरी सगळे एका ठरलेल्या कामासाठी झटत होते हे सिद्ध झालं तर ते एका कटात येतात. कट बंद दाराआड होतो, त्यामुळे प्रत्यक्ष साक्षीदार क्वचित मिळतो आणि परिस्थितीवरून अनुमान काढलं जातं. अनुमान म्हणजे संशय नव्हे. साखळीची कडी कडीला जुळावी लागते.

नाशिकमध्ये असा गाजलेला खटला कोणता?

तो प्रत्येक नाशिककराला माहीत आहे, फक्त त्याकडे कायद्याच्या नजरेने फारसं कोणी बघत नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. झाडणारे एकटे कान्हेरे होते. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी मात्र तिघांना झाली : कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे. कान्हेऱ्यांचा नेम चुकला तर पुढचं काम करायला हे दोघे हत्यारांसह नाट्यगृहात हजर होते. पिस्तुलं लंडनहून आली होती. ती पाठवल्याबद्दल, म्हणजे खुनाला अपप्रेरणा (चिथावणी किंवा जाणूनबुजून मदत) दिल्याबद्दल, वि. दा. सावरकरांना १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. खुनाच्या दिवशी ते नाशकात काय, हिंदुस्थानातही नव्हते.

त्या मुलांचं धैर्य आणि परक्या सरकारचं न्यायालय हा विषय मोठा आहे आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी होत नाही. पण कायदा शिकणाऱ्याला यातून एक गोष्ट दिसते. कटाचं सर्वसाधारण कलम दंड विधानात आलंच १९१३ मध्ये, जॅक्सन खटल्यानंतर. तरीही हजर असलेला साथीदार आणि हजारो मैल लांबून हत्यार पुरवणारा, दोघांनाही अपप्रेरणेच्या कलमांनी गाठलं. ती कलमं आजही आहेत, संहितेत ४५ पासून पुढे. गोल्फ क्लबच्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. तिथून कोर्ट फार लांब नाही.

सुपारी देणारा म्हणतो, मी तर कोणाला मारलंच नाही.

अपप्रेरणेने खून घडला तर सुपारी देणाऱ्यालाही खुनाचीच शिक्षा आहे : फाशी किंवा जन्मठेप, सोबत दंड. नवरा-बायकोने मिळून ठरवलं तर तोही कटच. ‘आम्ही दोघं म्हणजे एकच’ असा बचाव आपल्या कायद्यात नाही.

ठरलं होतं, पण खून झालाच नाही. तरी गुन्हा?

हो. खून घडला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या प्रयत्नात कोणाला दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत.

‘मारायचं नव्हतं, फक्त दम द्यायचा होता.’ हे चालतं का?

कधी चालतं, कधी नाही, आणि अनेक खटल्यांचा निकाल इथेच फिरतो. ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं कृत्य घडलं, तर अपप्रेरकाची जबाबदारी कलम ५१ वरून ठरते. घडलेलं कृत्य चिथावणीचा संभाव्य परिणाम होता का, हा तिथला प्रश्न. रिकाम्या हाताने दम द्यायला चौघं गेले आणि एकाने कोणाच्या ध्यानीमनी नसताना खिशातून चाकू काढला, तर उरलेल्या तिघांचा बचाव खरा असू शकतो. चौघंही कोयते घेऊन गेले असतील तर ‘फक्त दम’ हे न्यायाधीशांना पटवणं फार अवघड. हत्यार कोणाच्या हातात होतं, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती, पहिला वार पडल्यावर कोण पुढे आला, कोण मागे सरला, कोणी ‘सोड त्याला’ म्हटलं, हे सगळं मोजलं जातं. एकाच घटनेत एक खुनासाठी, दुसरा सदोष मनुष्यवधासाठी आणि तिसरा दुखापतीसाठी दोषी ठरू शकतो. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे, कलम ३(९).

जमावात होतो, पण हात लावला नाही.

पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव असेल तर कलम १९० (जुनं १४९) येतं. तिथे कृत्यापेक्षा जमावाचा हेतू आणि त्यातलं सदस्यत्व महत्त्वाचं. पण बघे सदस्य होत नाहीत. गल्लीत आरडाओरड झाली म्हणून बाहेर आलेल्याला यात ओढलं असेल तर ती गोष्ट पहिल्या दिवसापासून वकिलाला सांगा.

मित्राने आधी सांगितलं होतं. मी गप्प बसलो.

नुसतं माहीत असणं म्हणजे कट नव्हे. कटाला संमती लागते. पण खुनाचा बेत सोपा व्हावा या हेतूने, किंवा तो सोपा होईल हे माहीत असताना, बेत मुद्दाम लपवला तर कलम ५८ आहे. खून झाला तर त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय खुनाचा इरादा कळल्यावर, वाजवी सबब नसेल तर, पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३३ प्रमाणे. पोरांनो, मित्र दारूत बोलला असेल म्हणून सोडून देऊ नका. ११२ ला फोन लावा. तुमच्या एका फोनने दोन घरं वाचतात, मरणाऱ्याचं आणि मारणाऱ्याचं.

पोरगा रात्री घरी आला, रक्ताचे कपडे होते. मी धुऊन टाकले. मी आई आहे.

हा प्रश्न मला शांतपणे ऐकता येत नाही, पण उत्तर खरंच द्यावं लागतं. खून झालाय हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना, गुन्हेगाराला वाचवायच्या हेतूने पुरावा नाहीसा करणं हा कलम २३८ चा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आईला त्यात सूट नाही. गुन्हेगाराला लपवून आसरा देण्याच्या कलम २४९ मध्ये सूट आहे, पण ती फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. आईबाप, भाऊ, बहीण कोणी नाही. मात्र नंतर कपडे धुतले म्हणून आई खुनाची भागीदार होत नाही. आधीपासून ठरलं होतं असं सरकार पक्ष म्हणत असेल तर ते वेगळं सिद्ध करावं लागेल.

दुसऱ्या आरोपीने पोलिसांना माझ्या भावाचं नाव सांगितलं. संपलं का सगळं?

नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. ‘मी लपवलेला कोयता काढून देतो’ आणि तो गोदाकाठच्या झुडपातून पंचांसमोर निघाला, तर लपवल्याची माहिती त्याला होती इतकं धरता येतं. ‘त्याच कोयत्याने आम्ही तिघांनी मारलं’ हे पुढचं वाक्य गळतं. दंडाधिकाऱ्यापुढे रीतसर दिलेला सहआरोपीचा कबुलीजबाब विचारात घेता येतो, पण तोही एकटा पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या कश्मिरा सिंग आणि १९६४ च्या हरिचरण कुर्मी खटल्यात क्रम घालून दिला आहे. आधी तो बाजूला ठेवून इतर पुरावा तपासा. त्यावर दोष ठरत असेल तरच खात्रीसाठी त्याच्याकडे बघा.

कटात एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ८ प्रमाणे, कट असल्याचं मानायला आधी वाजवी कारण दिसलं पाहिजे. ते दिसलं, तर कट चालू असताना त्याच कामासाठी एकाने बोललेलं किंवा लिहिलेलं बाकीच्यांविरुद्धही वापरता येतं. व्हॉट्सअॅपवरचा ‘माल पोचला, उद्या सकाळी’ हा मेसेज असा येतो. पण कट संपल्यावर, अटकेनंतर केलेलं वक्तव्य या कलमात बसत नाही. १९४० च्या मिर्झा अकबर खटल्यापासून हे ठरलेलं आहे.

मोबाईलचं लोकेशन तिथलंच दाखवतंय.

टॉवर परिसर सांगतो, घर सांगत नाही. पंचवटीत राहणाऱ्याचा फोन पंचवटीच्या टॉवरवर असणारच. फोनचा रेकॉर्ड बोलणं झालं हे सांगतो, काय बोललं ते नाही. रेकॉर्डसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आहे का, तेही वकिलाने बघायला हवं.

माफीचा साक्षीदार व्हावं का?

हा निर्णय कोणाच्या सांगण्यावरून, घाईत घेऊ नका. माफी न्यायालय देतं, पोलीस नाही. अट एकच असते, स्वतःच्या भागासकट सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं. आधीपासून जामीन नसेल तर खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहावं लागतं. साक्षीत फिरला किंवा काही दडवलं तर माफी जाते आणि मूळ खुनाचा खटला परत उभा राहतो. साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा होण्यासाठी तिला दुजोरा हवा, असं नव्या साक्ष अधिनियमाचं कलम १३८ स्पष्ट म्हणतं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात गटातलाच एक तरुण माफीचा साक्षीदार झाला होता. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

मी आधीच बाहेर पडलो होतो.

ठरवणं हाच गुन्हा असल्याने बाहेर पडून तो पुसला जात नाही. पण पुढच्या खुनाची जबाबदारी ठरवताना तुम्ही खरंच बाहेर पडलात का, हे पाहिलं जातं. मनातल्या मनात पडलात तर कोणाला दिसणार? साथीदारांना सांगितलं, पैसे परत केले, पोलिसांना किंवा मयताला वेळेत कळवलं, असं काही दाखवता आलं पाहिजे.

बाकीचे सुटले तर उरलेल्या एकाला शिक्षा होते का?

कटाला किमान दोघं लागतात. आरोप दोघातिघांवरच असेल, इतर कोणी अनोळखी साथीदार असल्याचं आरोपात वा पुराव्यात नसेल आणि बाकीचे निर्दोष सुटले, तर एकट्याचा कट उरत नाही. सामाईक इराद्यातही तेच. कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६३ : चौघांपैकी तिघं सुटले आणि चौथ्याला ‘इतरांच्या साथीने’ शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याने स्वतः वार केल्याचा पुरावा असेल तर मात्र तो आपल्या कृत्यासाठी दोषी ठरतोच.

मुलगा सतरा वर्षांचा आहे.

गुन्ह्याच्या तारखेचं वय धरतात. सोळा पूर्ण असतील तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. शाळेचा दाखला आजच शोधून ठेवा.

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावला तर?

मग वरचे बरेच नियम बदलतात. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालू शकतो. आरोपपत्राची मुदत न्यायालय १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. जामीन फार कठीण होतो.

साध्या खटल्यात जामीन कधी?

खुनाच्या तपासात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. एक दिवस चुकला की हक्क गेला. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आम्ही मयताच्या घरचे. आम्हाला काय करता येतं?

सरकारी वकिलांना साहाय्य करायला न्यायालयाच्या परवानगीने तुमचा वकील देता येतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. निर्दोष सुटकेविरुद्ध तुम्ही स्वतः अपील करू शकता. साथीदारांवरचा पुरावा सर्वांत आधी विरतो, म्हणून गल्लीतल्या दुकानाचं सीसीटीव्ही पुसलं जायच्या आत पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

आरोपपत्र चारशे पानी आहे. काय बघायचं?

दोन वर्षांपूर्वी एक माऊली किराणाच्या पिशवीत आरोपपत्र घेऊन आली होती. मुलगा आरोपी क्रमांक पाच. आम्ही कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो आणि शिसपेन्सिलीने त्याचं नाव जिथे जिथे येतं तिथे गोल केला. दोन तासांत नऊ गोल झाले. सहा ठिकाणी एकच वाक्य होतं, ‘सर्व आरोपींनी संगनमत करून’. हे वाक्य आरोप आहे, पुरावा नाही. एक अटक पंचनामा. उरले दोन : एका साक्षीदाराने त्याला आरोपी क्रमांक एकसोबत आदल्या रात्री पाहिलं होतं, आणि एक चाळीस सेकंदांचा फोन. पुढचा सगळा खटला त्या दोन गोलांवर चालला.

राजीव गांधी हत्या खटल्यात विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यातल्या १९ जणांना खुनाच्या कटातून मोकळं केलं. एवढ्या मोठ्या खटल्यातही प्रत्येक आरोपीचं पान वेगळं उघडावं लागलं.

तुम्हीही तेच करा. पेन्सिल घ्या, आपल्या माणसाच्या नावाला गोल करा. प्रत्येक गोलासमोर लिहा : कोणी पाहिलं, कधी पाहिलं, त्याला तेव्हा काय माहीत होतं. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, मनाने भरू नका. तो कागद घेऊन वकिलाकडे या.